अक्रोडाची भेग

लाकडाचा इतिहास लिहिताना सिंहासने आणि गलबते आठवतात. बंदुकीचा दस्ता सहसा आठवत नाही. अमेरिकेच्या पूर्व भागातील काळ्या अक्रोडाची कहाणी मात्र दस्त्यापाशी थांबल्यावाचून पुढे सरकत नाही. हे लाकूड एकदा नीट वाळले की फारसे वाकत नाही, गोळी सुटतानाचा हिसका सोसते आणि सहजी दुभंगत नाही. म्हणूनच १९१८ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, अध्यक्ष विल्सन यांच्या आवाहनावरून तेथील बालवीर अक्रोडाची झाडे शोधत हिंडले. दस्ते आणि विमानांचे पंखे यांसाठी ती हवी होती.

दुसऱ्या महायुद्धातही अक्रोड रायफलींच्या कामी आला. त्याच युद्धात, १९४२ साली, जपानी वंशाची सुमारे १,२०,००० माणसे अमेरिकेने छावण्यांत डांबली. आयडाहोतील मिनिडोका छावणीत जॉर्ज नाकाशिमा पत्नी आणि तान्ह्या मुलीसह होते. हे वास्तुविशारद पूर्वी पाँडिचेरीच्या आश्रमात 'गोलकोंड' या वास्तूच्या बांधकामावर होते. श्रीअरविंदांनी त्यांना 'सुंदरानंद' हे नाव दिले होते. छावणीत गेंतारो हिकोगावा या सुताराच्या हाताखाली, मिळेल त्या टाकाऊ लाकडावर, ते जपानी जोडकाम शिकले. १९४३ मध्ये सुटका झाल्यावर पेनसिल्व्हेनियातील न्यू होप येथे त्यांनी संसार मांडला, पुढे कार्यशाळाही उभारली. तिथे त्यांचा हात वळला तो काळ्या अक्रोडाकडे.

या लाकडाचा गाभा गडद तपकिरी, तर सालीलगतचा थर पांढुरका असतो. बाजारात हा फरक लपावा म्हणून फळ्यांना वाफ देतात. नाकाशिमांनी तो थर, झाडाची वेडीवाकडी कड आणि तडे उघडे ठेवले. तडा बुजवायचा नाही; फुलपाखराच्या आकाराची लाकडी पाचर आडवी बसवून तो फक्त वाढू द्यायचा नाही, ही त्यांची रीत.

आज 'शाश्वत वनशेती' म्हटले की तोडलेल्या झाडाच्या जागी नवे झाड लावणे एवढाच हिशेब मांडला जातो. तो आवश्यक आहे. पण अक्रोडाचा गाभा भरायला कित्येक दशके लागतात. ज्या वस्तूसाठी झाड पडले, ती निदान तेवढी वर्षे टिकावी, हा हिशेबाचा दुसरा रकाना आपण कोराच ठेवतो. नाकाशिमांचे मेज तो भरते. झाडाचे वय त्यात वाया जात नाही.

१९८६ च्या अखेरच्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट जॉन कॅथीड्रलमध्ये त्यांची शांतिवेदी अर्पण झाली. एका प्रचंड अक्रोडाच्या दोन फळ्या शेजारी शेजारी, मधली भेग तशीच, पाचरींनी सांधलेली. १९९६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, तशीच एक वेदी ऑरोव्हिलला आली. ज्या लाकडाचे दस्ते झाले त्याच लाकडाची ही वेदी, आणि ज्याला त्याच्या देशाने शत्रू ठरवले त्याच माणसाने ती घडवलेली. अन्यायाची खूण पुसली की समेट झाला, असे आपण मानतो. ही वेदी तसे मानत नाही. भेग दिसते, आणि फळ्या एकत्र राहतात.