सुतलाचमधला हरवलेला 'आश'

तुर्कस्तानात तांदळाच्या खिरीला 'सुतलाच' म्हणतात. (शेवटचा 'च' आपला जोर द्यायचा नव्हे, शब्दातलाच आहे.) हीच खीर सर्बियात 'सुतलियाश' होते, मॅसेडोनियातही सुतलियाश, बल्गेरियात 'सुतल्याश'. उस्मानी राजवट गेली आणि खीर मागे राहिली, यात नवल नाही. मला खटकलं ते शेवटचं अक्षर. इतक्या शेजाऱ्यांनी मिळून 'च'चा 'श' केला, की 'श' मूळचाच आणि तो बिघडवला तुर्कांनी?

माझं मत सरळ दुसऱ्या बाजूला आहे. तुर्कीत 'सूत' म्हणजे दूध, 'सूतलू' म्हणजे दूध घातलेलं आणि 'आश' म्हणजे शिजवलेलं अन्न. 'सूतलू आश' भराभर म्हणून पाहा, मधला स्वर आपोआप गळतो. 'आश' तुर्कीत आजही जिवंत आहे, स्वयंपाक्याला तिथे 'आशची' म्हणतात. फारसीतही 'आश' आहे, घट्टसर सारासारखा पदार्थ. कोणी कोणाकडून घेतला हे भांडण मिटलेलं नाही. 'प्रातराश' म्हणणारा माझा कान अर्थातच इराणच्या बाजूने झुकतो. तांदळाचा मामला त्या मानाने सोपा: तुर्की 'पिरिंच' आला फारसी 'बिरिंज'वरून आणि तो आपल्या व्रीहीच्या भावकीतला.

विरोधी पक्ष म्हणतो, आश कशाला हवा? तुर्की पदार्थांत 'आच'वर संपणारी एक फौजच आहे. कणकेच्या तुकड्यांचं 'तुत्माच', पिठाची पेज 'बुलामाच'. सुतलाच त्यांच्याच पंगतीतलं. अकराव्या शतकात महमूद काश्गरीने तुर्की भाषांचा कोश रचला, त्यात तुत्माचची गोष्टच दिली आहे. झुल्करनैनच्या, म्हणजे सिकंदराच्या, लोकांनी त्याला विनवलं की आम्हाला उपाशी ठेवू नकोस. 'तुत्मा' म्हणजे ठेवू नकोस, 'आच' म्हणजे उपाशी, आणि त्या विनवणीवरून पदार्थाचं नाव पडलं. गोष्ट फक्कड आहे, व्युत्पत्ती म्हणून कवडीची नाही. पण 'आच' हा शेवट लोकांच्या कानात किती रुळला होता ते तिच्यातून कळतं. म्हणून मी तडजोड सुचवतो: जन्म आशचा, वळण आचचं. तुत्माच आणि बुलामाचच्या संगतीत राहून सुतलाशचं सुतलाच झालं.

यावर एक आक्षेप खरोखर टोचतो. बोस्नियातही सुतलियाशच म्हणतात, आणि तिथल्या लोकांना 'आश' शब्द ठाऊक होता. सारायेवोत शिजवलेलं घरगुती जेवण मिळतं त्या खाणावळीला आजही 'आश्चिनित्सा' म्हणतात. मग त्यांनीच सुतलाच ऐकून त्यात शहाणपणाने आश घुसवला नसेल कशावरून? घुसवला असता तर फार तर 'सुतलाश' झालं असतं. 'सुतलियाश'मधला तो 'लिया' कुठून आला? तो 'सूतलू'मधल्या 'लू'चाच अवशेष. गळलेला स्वर ऐकणारा परत आणू शकत नाही. तो गळायच्या आधीच शब्द शेजाऱ्यांकडे गेला असला पाहिजे.

उलट 1492 मध्ये स्पेनमधून हाकललेले ज्यू इस्तंबूल-इझमीरकडे स्थिरावले, त्यांच्या बोलीत मात्र 'सुतलाच'च आहे. त्यांची खीर तांदळाच्या पिठीची, वर दालचिनी, आणि शावुओतच्या सणाला दुधाच्या पदार्थांत तिला मान. दाणा नाही, म्हणजे खरं तर ती फिरनीच्या जवळची. शहरात घडलेलं नाव त्यांनी शहरातच उचललं, असा माझा ठाम अंदाज.

आशची साक्ष पातेल्यातही मिळते. आपण दूध आटवून खीर दाट करतो, तुर्की बाई तांदळाच्या पिष्टावर भिस्त ठेवते. आखूड, चिकट दाणा लागतो. आपल्याकडे इंद्रायणी किंवा आंबेमोहोर चालेल, बासमती नको. 80 ग्रॅम तांदूळ पाण्यात इतका शिजवायचा की दाणा बोटांत सहज चिरडावा. उरलेलं दाट पाणी फेकायचं नाही, म्हणजे या टप्प्यावर हातात असते ती चक्क पेज, आशच म्हणा ना. त्यावर 1 लिटर दूध, मग मंद आच आणि सतत ढवळणं. साखर 150 ग्रॅम, पण शेवटी. आधी पडली की दाणा मऊ व्हायचं नाव घेत नाही. दोन चमचे तांदळाची पिठी गार दुधात कालवून सोडली की खीर डावाच्या पाठीला धरते. वेलची विसरा.

भट्टीतला प्रकार, 'फिरिन सुतलाच', माझ्या मते नंतरचा शहरी थाट. मातीच्या वाट्या गार पाण्याच्या ताटलीत ठेवून फक्त वरून जाळ द्यायचा. पाण्यामुळे खालची खीर उकळत नाही, वर साय धरते आणि तिच्यावर काळे-तपकिरी डाग पडतात. त्राब्झोनजवळ, एर्झुरुमच्या जुन्या वाटेवरचं हाम्सीकॉय गाव सुतलाचसाठी नावाजलेलं. तिथे वर हेझलनटचा चुराही पडतो.

करपलेला भाग वर नको, तळाशी हवा असेल तर 'कझानदिबी' करावी. तिच्यात मात्र अस्सल कृतीप्रमाणे कोंबडीच्या छातीचे तंतू असतात, आणि त्यांची कुळकथा याहून लांबलचक आहे.