रोगप्रवणता, शिंदखेडा परिसरातील

शिंदखेडा (धुळे जिल्हा) व लगतच्या खानदेशात आनुवंशिकता, वय आणि राहणीमान यांच्या एकत्रित परिणामातून दिसणारा आजारांचा कल. तालुका तापीच्या दक्षिण काठावर असून सुरत–भुसावळ लोहमार्ग त्यातून जातो. दोंडाईचा ही त्यातील मोठी बाजारपेठ. जुने अहवाल वाचताना एक भान ठेवावे लागते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. त्याआधीच्या कागदांत ‘धुळे जिल्हा’ म्हटले की अक्राणी व अक्कलकुवा हे सातपुड्यातील भागही त्यात धरलेले असतात, त्यामुळे ते आकडे शिंदखेड्याच्या सपाटीला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

सिकलसेल. परिसरातील सर्वाधिक अभ्यासलेला आनुवंशिक आजार. अकराव्या गुणसूत्रावरील बीटा-ग्लोबिन जनुकात एका अक्षराचा फरक पडतो, हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, आणि प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये शिकागोत अशा पेशींचे पहिले वैद्यकीय वर्णन छापले. लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले. भारतातील पहिल्या नोंदी १९५२ च्या, निलगिरीतील आदिवासी आणि आसामातील चहामळ्यांतील मजूर यांच्या. खानदेशात हे जनुक भिल्ल, पावरा, मावची व कोकणा समाजांत प्रामुख्याने आढळते. काही गटांत वाहकांचे प्रमाण पाच जणांत एकाच्या आसपास नोंदले गेले आहे. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात यावर दीर्घकाळ काम केले. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

हे जनुक टिकले ते मलेरियामुळे. एकच प्रत असलेल्या वाहकाला फाल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर रूपापासून संरक्षण मिळते. भारतीय जनुकाचा उगम आफ्रिकेतील उगमांहून स्वतंत्र मानला जातो, कारण त्याभोवतीचा गुणसूत्राचा पट्टा (अरब-भारतीय प्रकार) वेगळा आहे. उगम नेमका कोठे व केव्हा झाला याविषयी एकमत नाही. या प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन (एचबीएफ) मोठेपणीही बऱ्यापैकी शिल्लक राहते व पेशी वाकण्यास अडथळा करते. म्हणून ‘भारतीय सिकलसेल सौम्य’ असे लिहिण्याची प्रथा पडली. नागपूरकडील रुग्णालयांतील बालरुग्णांचा अनुभव तिला पूर्ण दुजोरा देत नाही.

एका जनुकाचा आजार असूनही त्याचे रूप वयानुसार बदलते. पहिले सहा महिने बाळ एचबीएफच्या आधाराने ठीक असते. मग हातापायांच्या बोटांची सूज, वारंवार ताप, पांढुरकेपणा, पानथरीची वाढ. तरुणपणी हाडांतील असह्य वेदनांचे झटके. पुढे मांडीच्या हाडाचा खुबा झिजणे, मूत्रपिंड दुबळे होणे. झटका बहुधा निमित्ताने येतो: पाणी कमी पडणे, थंडी, संसर्ग, अतिश्रम. धुळे-नंदुरबारची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. पहाटेच्या थंडीतली तोड, पाण्याची ओढाताण आणि दुखले तरी न थांबणारी मजुरी ही सर्व निमित्ते तेथे एकत्र भेटतात. ग्रंथांतून ‘जीवनशैली’ हा शब्द येतो तेव्हा माणसाने निवडलेली राहणी गृहीत धरलेली असते. इथे ती मुकादमाने दिलेल्या उचलीने (आगाऊ रकमेने) ठरते.

तपासणीत आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. बोटातले थेंबभर रक्त द्रावणात टाकल्यावर ते गढूळ झाले तर सिकल हिमोग्लोबिन आहे, एवढेच कळते; वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी सांगते. राज्याच्या सिकलसेल कार्यक्रमात वाहकाला पिवळे व रुग्णाला लाल कार्ड देतात. दोघे वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के. ‘एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली’ असा अर्थ घेणे चूक. हिशेब दर वेळी नव्याने सुरू होतो. लग्नाआधी कार्ड जुळवून पाहण्याचा सल्ला दिला जातो, मात्र पिवळे कार्ड मुलीच्या लग्नाआड येते अशी तक्रार असते आणि ते दडवले जाते. उपचारात फॉलिक आम्ल, लसीकरण, लहानपणी पेनिसिलिन, आणि एचबीएफ वाढवणारे हायड्रॉक्सियुरिया. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. राष्ट्रीय निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. वय ० ते ४० मधील ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट.

हृदय. एमवायबीपीसी-३ या जनुकातील २५ अक्षरांचा लोप भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो (हैदराबादच्या सीसीएमबीतील संशोधकांसह झालेला अभ्यास, २००९). तो असणाऱ्यांत हृदयस्नायूच्या आजाराची शक्यता सुमारे सातपट. तरुणपणी तो सहसा कळून येत नाही, चाळिशी-पन्नाशीनंतर त्रास सुरू होतो. तोवर मुले झालेली असतात, त्यामुळे निसर्गाच्या चाळणीतून तो निसटतो.

मधुमेह. बहुजनुकी, एकेका जनुकाचा वाटा किरकोळ. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी चालवलेल्या अभ्यासात नवजात बाळाचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमध्ये ३.५. पुण्याकडील बाळांत स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. खुद्द याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी यांचा देहभारांक सारखाच २२.३ असून शरीरातील चरबी २१.२ व ९.१ टक्के होती, हे छायाचित्रासह २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. यामुळे सडपातळ दिसणाऱ्या शेतकऱ्याचीही साखर तपासावी लागते. २०११ च्या आयसीएमआर पाहणीत महाराष्ट्रातील प्रमाण ८.४ टक्के होते. दादर ज्वारीची आणि कळण्याची भाकरी हे खानदेशचे जुने जेवण. रेशनच्या गहू-तांदळाने ताटातली तिची जागा कमी केली आहे.

तंबाखू. राज्यात २०१६-१७ मध्ये २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत, बहुतेक धूरविरहित: चुन्यासह, मिसरी, गुटखा. गुटख्यावर २०१२ पासून बंदी. यातून तोंडाचा कर्करोग होतो; तोंड पुरेसे न उघडणे हे त्याचे पूर्वलक्षण.

वृद्धत्व. पेशीविभाजनातील चुका वयानुसार साठतात. बहुतेक कर्करोगांचे प्रमाण त्यामुळे पन्नाशीनंतर चढते.

सेवा. श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, धुळे (१९८९).