नवोदय विद्यालय व जिल्हा परिषद शाळा (यवतमाळ जिल्हा)

ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी केंद्र शासनाने 1985-86 मध्ये निवासी नवोदय विद्यालये सुरू केली. पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक शेजारच्या अमरावतीचे. यवतमाळ जिल्ह्याचे विद्यालय घाटंजी तालुक्यात बेलोरा येथे आहे. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत दोन तासांची परीक्षा होते : 80 प्रश्न, 100 गुण, त्यातले निम्मे बुद्धिमत्ता चाचणीला. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. निवड झाली की वसतिगृह, जेवण, पुस्तके, केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम. नववीत काही मुले वर्षभर परभाषिक राज्यातील विद्यालयात शिकतात.

जिल्हा परिषदेच्या शाळेत अशी चाळणी नाही. शिक्षण हक्क कायद्याने (2009) ती निषिद्धच आहे, नवोदयला मात्र सूट आहे. त्यामुळे कोलाम आदिवासींच्या पोडावरचे (वस्तीवरचे), घरी कोलामी बोलणारे मूल आणि ‘नवोदयला लागेल’ असे मूल एकाच वर्गात बसते. कमी पटाच्या शाळेत एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो आणि शाळा सुटल्यावर पाचवीच्या मुलांकडून उत्तरपत्रिकेतले गोल भरण्याचा सरावही करून घेतो. म्हणून दोन्हींच्या दहावीच्या निकालांची सरळ तुलना अन्यायकारक ठरते : नवोदयच्या यशाचा पाया बहुधा याच वर्गांत घातलेला असतो.