पंचवीस खुर्च्यांचा हिशेब

१३ जुलै २००३ रोजी बगदादमध्ये २५ जणांचे प्रशासकीय मंडळ स्थापन झाले. १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द, १ तुर्कमान, १ असिरियन ख्रिश्चन. त्यात स्त्रिया तीन. इराकविषयी वाचताना मी या बेरजेपाशी नेहमी अडखळतो. कम्युनिस्ट पक्षाचे नेते हमीद माजिद मूसाही त्यात होते आणि त्यांची गणना झाली ती शियांत! आयुष्यभर वर्गसंघर्षाची भाषा बोललेल्या माणसाला अमेरिकी प्रशासनाने जन्माच्या रकान्यात बसवले.

सद्दामच्या काळात पंथभेद नव्हता, असे कोणी म्हणू नये. १९८८ची अन्फाल मोहीम कुर्द विसरलेले नाहीत, १९९१चे दमन शिया विसरलेले नाहीत. पण सत्तेच्या वाटणीचे उघड सूत्र म्हणून पंथ कागदावर आला तो परकीय फौजांच्या मागून. १९०९च्या स्वतंत्र मतदारसंघांचा इतिहास ठाऊक असलेल्या भारतीय वाचकाला हे वेगळे समजवायला नको.

त्याआधी मे महिन्यात पॉल ब्रेमर यांनी दोन आदेश काढले होते. पहिल्याने बाथ पक्षाच्या वरच्या चार श्रेणींतले लोक सरकारी नोकरीतून गेले. त्यांत शिक्षक होते, डॉक्टर होते. दुसऱ्याने सैन्य बरखास्त झाले. काही लाख माणसे बेकार झाली, आणि त्यांना बंदूक चालवता येत होती. पुढच्या यादवीची बीजे मला या दोन कागदांत दिसतात.

निवडणुका खऱ्या झाल्या, वर्तमानपत्रे उदंड निघाली, संसदेत किमान चौथा हिस्सा स्त्रियांचा ठरला. मात्र त्याच स्त्रियांना १९५९चा कुटुंबकायदा वाचवण्यासाठी रस्त्यावर यावे लागले. सर्व पंथांना एकच असलेला तो कायदा मोडणारा मंडळाचा ठराव डिसेंबर २००३मध्ये आला आणि विरोधामुळे दोन महिन्यांत मागे घेतला गेला. विषय संपला नाही. जानेवारी २०२५मध्ये संसदेने पंथनिहाय नियमांना वाट करून दिलीच.

राष्ट्राध्यक्ष कुर्द, पंतप्रधान शिया, सभापती सुन्नी हा रिवाज आजही चालू आहे. ऑक्टोबर २०१९मध्ये बगदादच्या तहरीर चौकात जमलेली तरुण मुले बहुतांशी शिया घरांतली होती आणि सरकारचे नेतृत्वही शिया पक्षांकडेच होते. मुलांची घोषणा होती : आम्हाला देश हवा. शेकडो मारली गेली. पंतप्रधान अब्दुल महदी यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आले तेही शियाच.