पाटी नसलेला डबा

टेबलावर अ‍ॅल्युमिनियमचा एक डबा आहे. दर्शनी बाजूला कारखान्याने नव्हे, मालकाने पाडलेली तीन भोकं. डायलवर चिकटवलेली कागदी पट्टी, तिच्यावर शाईने लिहिलेले आकडे: 14.0 ते 14.3. कारखान्याची पाटी उखडलेली. हा कोण, कुठला, हे डब्याला विचारून कळायचं नाही. तुम्हालाच मागे जावं लागेल.

पहिला मुक्काम 1956. अमेरिकेतल्या कुठल्यातरी घराचं तळघर, सोल्डरचा धूर. हाच डबा, पण कागदी पट्टी अजून ताजी. शेजारी शिकागोच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्सचा 20ए एक्सायटर. त्याचा सिग्नल 9 मेगाहर्ट्झवर तयार होतो. त्यात आपल्या डब्याचे 5.2 मिळवले की 14.2, वजा केले की 3.8. एका डब्यात हॅमचे, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचे, दोन बँड! भोकं कशाला पाडली ते आता कळतं. आत डोकावलात तर मोठ्या व्हॉल्व्हची दोन्ही सॉकेटं रिकामी दिसतात. ट्रान्समीटरचा नुसता ऑसिलेटर करून टाकलाय. संग्राहक अशा कामाला सर्रास नासधूस म्हणतात. मला तसं वाटत नाही. या भोकांमुळेच तर आपल्याला 1956 सापडलं.

आणखी मागे. 1947, न्यूयॉर्क, कोर्टलँड स्ट्रीट. दुकानादुकानांतून लाउडस्पीकर एकमेकांवर ओरडतायत, फुटपाथवर खोकी, खोक्यांत मीटर, कॉइल, हेडफोन. पुण्याचा जुना बाजार फक्त रेडिओचा भरवला तर असा दिसेल. (साठच्या दशकात ही सगळी रेडिओ रो पाडून तिथं वर्ल्ड ट्रेड सेंटर उभं राहायचंय, पण आज ते कुणाच्या ध्यानीमनी नाही.) युद्ध संपलंय, लष्कराचा उरलेला माल कवडीमोल विकला जातोय. तुम्ही ढिगात हात घाला. दुकानदार अशा सगळ्याच डब्यांना ‘एआरसी-5’ म्हणतो. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पाटी वाचा.

बीसी-696 म्हणजे 3 ते 4 मेगाहर्ट्झ. बीसी-457 म्हणजे 4 ते 5.3, बीसी-458 म्हणजे 5.3 ते 7, बीसी-459 म्हणजे 7 ते 9.1. हे सगळे भूसेनेच्या एससीआर-274-एन संचातले. खरे एआरसी-5 नौदलाचे आणि नंतरचे. त्यांच्या पाटीवर टी-19, टी-20, टी-21, टी-22 असे आकडे. फ्रीक्वेन्सी त्याच, व्हॉल्व्हही बहुतेक तेच. फरक त्यांच्या जोडीच्या मॉड्युलेटरमध्ये: भूसेनेचा बीसी-456 व्हॉल्व्हच्या स्क्रीन ग्रिडवर आवाज चढवतो, नौदलाचा एमडी-7 प्लेटवर.

696 आणि 459 आयतेच हॅम बँडमध्ये बसतात, म्हणून त्यांच्यावर पोरांच्या उड्या. 457 आणि 458 मागे उरतात. त्यांना कापायला कुणाचा हात थरथरत नाही. आपला डबा 5.2 वर गात होता, म्हणजे संशय या दोघांवर. 457 चं क्षेत्र 5.3 ला संपतं, 458 चं तिथूनच सुरू होतं आणि जरा खाली ओढता येतं. पाटीशिवाय हा निकाल लागायचा नाही, असं वाटतं ना? वरचं झाकण उघडा. एक क्रिस्टल दिसेल.

ते कशाला, हे पाहायला 1942 च्या शरदातल्या सकाळी इंग्लंडात, बेडफर्डशायरमधल्या थर्लीच्या तळावर या. बी-17 विमानाच्या पोटात, थंडीने बोटं वाकत नाहीत. रॅकमध्ये असे दोन ट्रान्समीटर शेजारीशेजारी. आत 1626 हा ऑसिलेटर व्हॉल्व्ह, पुढे 1625 ची जोडी. हॅमच्या लाडक्या 807 चाच हा भाऊ, फक्त फिलामेंट 12.6 व्होल्टचं आणि बूड सात पायांचं. उड्डाणाआधी जमिनीवरच फ्रीक्वेन्सी लावून फिरकी आवळून टाकायची. हवेत वैमानिक आपल्या पेटीवरून फक्त ट्रान्समीटर निवडतो. डायल खरं बोलतेय का, हे तपासायला ते क्रिस्टल आणि 1629 हा ‘जादूचा डोळा’. डायल क्रिस्टलच्या आकड्यावर आली की डोळ्यातल्या हिरव्या उजेडातली सावली हलते.

आणि हा आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा. 696 मध्ये 3500 किलोहर्ट्झ, 457 मध्ये 4600, 458 मध्ये 6200, 459 मध्ये 8000. आपल्या डब्यातलं क्रिस्टल बोटाने पुसा: 6200. कुणी ते बदललेलं नसेल तर हा बीसी-458.

भूसेनेचे डबे वेस्टर्न इलेक्ट्रिकने मोठ्या संख्येने बनवले, पण मूळ आराखडा त्यांचा नव्हे. नावातला शेवटचा ‘एन’ नौदलाकडे बोट दाखवतो. तुम्हाला न्यू जर्सीतल्या बूंटन गावी, एअरक्राफ्ट रेडिओ कॉर्पोरेशनच्या दारात नेतो. नौदलाचा जुना एटीए ट्रान्समीटर इथलाच. त्याच्या पाटीवर ‘सीबीवाय’ ही अक्षरं असतात, ती या कंपनीची खूण. पुढच्या वेळी ढिगात हात घालाल तेव्हा आधी ती शोधा.