१७२.८ अंशांची कुळकथा

सिनेमाच्या जुन्या कॅमेऱ्यात शटर म्हणजे गरगर फिरणारी एक तबकडी. तिचा कापलेला भाग समोर आला की फिल्मवर उजेड पडतो. हा काप सहसा १८० अंशांचा, म्हणजे अर्ध्या वर्तुळाचा. पण छायाचित्रकारांच्या तोंडी आणखी एक आकडा असतो, १७२.८. तबकडी गेली तरी डिजिटल सिने-कॅमेऱ्यांच्या मेन्यूत तो टिकून आहे. त्याचं एक मूळ जर्मनीत आहे, दुसरं अमेरिकेत.

१८९१ साली नेकार नदीकाठच्या लाउफेन गावातली वीज सुमारे १७५ किलोमीटर दूर फ्रँकफुर्टच्या वीज प्रदर्शनात नेऊन दाखवली गेली. ती ४० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ४० आवर्तनांची होती आणि तिच्यावरचे दिवे लुकलुकत. मग बर्लिनच्या एईजी कंपनीने ५० हर्ट्झ धरले, आणि पुढे युरोप, भारत त्याच वाटेने गेले. म्हणजे ५० हा आकडाच मुळात लुकलुक टाळण्यासाठी पुढे आला! अमेरिकेत वेस्टिंगहाउसने ६० पत्करले. जपानने तर दोन्ही घेतले: तोकियोत जर्मन यंत्रं आली, ओसाकात अमेरिकन, आणि तो देश आजही ५० आणि ६० मध्ये विभागलेला आहे.

दुसरं मूळ बोलपटाचं. मूकपटांचे कॅमेरे हाताने फिरवत, त्यामुळे वेग कमीजास्त होई. आवाज आल्यावर तसं चालेना. १९२७ च्या आसपास अमेरिकेत सेकंदाला २४ चौकटी हा वेग पक्का झाला आणि जगाने तो उचलला.

साध्या बल्बखाली ५० आणि २४ या दोन आकड्यांचं भांडण दिसत नव्हतं, कारण तापलेली तार क्षणात थंड होत नाही. १९३८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने ट्यूबलाइट बाजारात आणली आणि गणित बदललं. चोकवर चालणाऱ्या ट्यूबमधला प्रवाह प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो, म्हणून ५० हर्ट्झवर तिचा उजेड सेकंदाला १०० वेळा मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. २४ चौकटी आणि १८० अंश म्हणजे चौकटीला १/४८ सेकंद उजेड. तेवढ्यात ट्यूबचे दोन ठोके आणि वर थोडासा तुकडा मावतो. तो तुकडा दर चौकटीत वेगळ्या जागी पडतो, आणि पडद्यावरचं चित्र सेकंदाला चार वेळा उजळतं-मंदावतं. अमेरिकेत १२० ठोक्यांना २४ ने नेमका भाग जातो. कॅमेऱ्याचा वेग स्थिर असला की हॉलिवूडला घरच्या घरी हा त्रास नव्हता. मुंबईच्या सिनेमाने मात्र २४ चौकटी घेतल्या आणि वीज ५० हर्ट्झची. ऑफिस, इस्पितळ, कारखाना, जिथे जिथे ट्यूब तिथे हा प्रश्न हजर.

तोड साधी आणि फार देखणी आहे. काप १७२.८ अंशांवर आणला की उजेड नेमका १/५० सेकंद पडतो. त्यात पूर्ण दोन ठोके येतात. सुरुवात कुठूनही होवो, प्रत्येक चौकटीला उजेड सारखाच मिळतो. जेमतेम सव्वासात अंशांची ही काटछाट मला छायाचित्रणकलेतलं सर्वांत सुंदर गणित वाटते. दूरदर्शनला हा खटाटोप पडला नाही. त्याच्या २५ चौकटी ५० हर्ट्झशी जुळवूनच ठरलेल्या होत्या.

इलेक्ट्रॉनिक चोक आल्यावर ट्यूबचे ठोके सेकंदाला हजारोंच्या घरात गेले आणि लुकलुक संपली. पण जुन्या चोकच्या ट्यूब अजून आहेत, आणि स्वस्त एलईडी दिवेही बऱ्याचदा तसेच १०० वेळा मंदावतात. मोबाइलचा कॅमेरा चित्र ओळी-ओळीने वाचतो, म्हणून त्यात लुकलुकीऐवजी वरखाली सरकणारे काळे पट्टे दिसतात. तेव्हा शाळेतलं स्नेहसंमेलन किंवा हॉलमधलं लग्न टिपण्याआधी मोबाइलचं अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झवर असल्याचं पाहा. शटर हाताने लावता येत असेल तर १/५० किंवा १/१०० ठेवा, १/६० नको. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे गेलात तर मात्र १/६० किंवा १/१२० लावा.