‘का?’ विचारणाऱ्या शिष्याचं पुस्तक

लहानपणी मी पेटीच्या क्लासला जायचो. ‘भूपात मध्यम का नाही?’ असं विचारलं की सर म्हणायचे, “नाही म्हणजे नाही. वाजव.” चूक त्यांची नव्हती. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

नेमक्या याच अडचणीवर विष्णु नारायण भातखंडे यांनी शंभरेक वर्षांपूर्वी काम केलं. माणूस मुंबईचा, पेशाने वकील. १९०४ मध्ये दक्षिणेत गेले, पुढे देशभर फिरून गवयांना भेटले, जुने ग्रंथ धुंडाळले. त्यातून मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चे चार भाग आले. गंमत म्हणजे हे सगळं गुरु-शिष्यांच्या संवादात आहे. शिष्य विचारत राहतो, गुरूला कारण द्यावं लागतं. उलटतपासणीच! वकिली जाते कुठे? शिकवणाऱ्याने हे वाचलं, की उद्या वर्गात काय विचारलं जाईल ते आधीच कळतं.

बंदिशींसाठी त्यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिका’ काढली, सहा भाग, स्वरलिपीसकट. घराण्यांनी जपलेल्या चिजा छापून आल्या. आमच्या भाषेत, एकाच माणसाच्या डोक्यात असलेल्या कोडचं डॉक्युमेंटेशन झालं. १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज निघालं, तिथेही हीच पद्धत गेली.

आता मींड, गमक कागदावर पूर्ण उतरत नाही, हा आक्षेप मलाही पटतो. बंदिश गुरूकडूनच घ्यावी. म्हणून मला ते संवादाचे भागच जास्त मोलाचे वाटतात.

परवा सरांना पहिला भाग नेऊन दिला. आठवड्याने फोन आला, “दुसरा कुठे मिळेल रे?”